डोंगर, राडा आणि कडक स्टार्च

या, असे जवळ सरकून बसा. दारात नको, तिथे पंख्याचा वारा लागत नाही आणि माझा आवाजही पोचत नाही. आज एक हकिगत सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, मी मनाला लावून घेणार नाही. सगळ्या गावाने हसून घेतलंय, त्यात तुमची भर पडली तर कुठे बिघडलं? फक्त हसून झालं की लगेच उठू नका, एवढीच विनंती.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे धुलाईचे हौद, माडीवर आम्ही. काउंटरवर मी, कारण मला माणसांशी बोलायला आवडतं. हौदांपाशी बायको, कारण तिला मी माणसांशी बोलत बसलेला बघवत नाही. आणि इस्त्रीच्या टेबलाशी ताई; हौदातून निघालेला प्रत्येक कपडा पिळून झटकायचं कामही वर्षानुवर्षं तिचंच.

ताई माझी थोरली बहीण. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायची, "एकाच माणसाचे कपडे जन्मभर फुकट इस्त्री करण्यापेक्षा गावाचे पैसे घेऊन केलेले काय वाईट?" विषय तिथेच मिटायचा. इस्त्री झालेले कपडे घरपोच द्यायचं कामही तिचंच, सायकलवरून. कॅरिअरवर गठ्ठा, हँडलला हँगर, त्यांना लटकलेले कोट, आणि या सगळ्यामागे कुठेतरी ताई. लांबून बघणाऱ्याला वाटावं, चार-पाच कोट स्वतःहून फिरायला निघालेत.

आता आमचं गाव. देवाने ते घडवलं आणि वर बहुतेक इस्त्री फिरवली, इतकं सपाट. कुठे चढ नाही, म्हणून उतारही नाही. पाय थांबला की सायकल थांबली. आणि ताईची साऱ्या आयुष्यातली इच्छा काय, तर उतार.

"मला एकदा पाय न मारता सायकल चालवायचीय रे," ती म्हणायची. "डोंगरावरून. नुसतं बसायचं आणि खाली यायचं. वाऱ्याने काय उडायचं ते उडू दे."

लोक देवाकडे काय काय मागतात! बढती मागतात, जावई मागतात, शेजाऱ्याची खोड मोडायला सांगतात. ताई एवढंच मागायची. मी रोज हात जोडताना माझ्या मागण्यांच्या शेवटी तिचा उतारही जोडून द्यायचो. मला वाटायचं, इतकी किरकोळ मागणी आहे, देव जाता जाता पुरी करील.

त्याऐवजी गुडघा आला. उजवा. सायकलवरून उतरताना ताई आधी "आई गं" म्हणायची, मग उतरायची. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितला, चष्मा काढून बघितला, परत घालून बघितला, आणि म्हणाले, "थंडी पडायच्या आत ऑपरेशन करून टाकू. चालाल, फिराल, जिनेही चढाल. पण गुडघा पुरता वाकणार नाही. सायकल मात्र विसरायची."

ताईने विचारलं, "थंडी पडेपर्यंत चालवली तर?"

"चालवा. दुखेल."

"दुखतंयच," ताई म्हणाली.

हा झाला पूर्वरंग. आता मूळपदावर येतो.

माझी मुलगी, घरात तिला चिमणी म्हणतात, दर रविवारी टीव्हीवर 'राडारोडा' नावाचा कार्यक्रम बघायची. नाव ऐकूनच तुम्हाला कळलं असेल. मुलांना प्रश्न विचारतात; मुलाचं उत्तर चुकलं की त्याच्या आईबापांच्या डोक्यावर हिरव्या राड्याची बादली. मुलांना हे फार आवडतं, आणि का आवडतं हे कुठल्याही बापाने स्वतःला विचारू नये. शेवटची फेरी वजनाची. दोन्ही घरच्या माणसांनी अंगातल्या कपड्यांवर पांढरे सदरे घालून राड्याच्या टाकीत उतरायचं, घंटा झाली की बाहेर यायचं, सदरे काढून आपापल्या टोपलीत टाकायचे. टोपल्या एका भल्यामोठ्या तराजूला टांगलेल्या. ज्यांचे सदरे राडा पिऊन जड, ते जिंकले.

हे असलं काही मी घरात चालू देत नसे. आमचा धंदाच डागांशी वैर धरण्याचा. पण त्या रविवारी चांदीच्या रंगाचा कोट घातलेला निवेदक ओरडला, "आणि या वेळचं बक्षीस, सगळ्या कुटुंबाला बर्फाच्या डोंगरातली सायकल-सहल! वर गाडीने नेणार, तिथून सायकलवर खाली. अख्खा घाट, उतारच उतार!"

ताईच्या हातातली इस्त्री थांबली. आमच्या दुकानात इस्त्री थांबणं म्हणजे काय, ते एका गिऱ्हाइकाच्या पँटवर आजही दिसेल.

चिमणीने मला विचारलंसुद्धा नाही. कार्यक्रमवाल्यांना फोन लावला, कोडी सोडवून दाखवली, आणि "घरात मोठं कोण कोण?" या प्रश्नाला "बाबा आणि आत्या, दोघंही चांगले जाड आहेत" असं उत्तर दिलं. आमची निवड झाली.

"मी?" मी म्हणालो. "टीव्हीवर? डोक्यावर बादली? अगं, बँकेचे मॅनेजर आपल्याकडे कपडे देतात."

"मॅनेजर कपडे देतात, डोंगर देत नाहीत," बायको म्हणाली. "गपचूप जा."

आता इथून सल्ल्यांचा भाग. खालच्या मजल्यावर, दुकानाच्या बाजूला, वकीलकाका राहतात. त्यांना न विचारता सल्ला द्यायची सवय आहे, आणि विचारला तर फी लावायची. ते जिन्यातच भेटले. "सहभागी होताय? हरकत नाही. पण कान, नाक आणि प्रतिष्ठा यांना इजा झाल्यास जबाबदार कोण, हे आधी ठरवून घ्या."

"प्रतिष्ठेचं कसं ठरवणार, काका?"

"तुमच्या बाबतीत अवघड आहे खरं," म्हणाले, आणि वर निघून गेले. वर त्यांचं काही काम नव्हतं. चांगलं वाक्य सुचल्यावर तिथे थांबायचं नाही, ही वकिलीतली रीत असावी.

मग कार्यक्रमवाल्यांच्या कचेरीतून कळलं की डॉक्टरचा दाखला हवा: या माणसाच्या कातडीला राडा चालतो. मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "राड्यात काय असतं ते कळल्याशिवाय मी कसं लिहून देणार? थोडा आणा." मी कचेरीत गेलो. तिथे कानात यंत्र खोचलेली एक मुलगी बसली होती. ती अर्धं माझ्याशी आणि अर्धं यंत्राशी बोलायची, त्यामुळे "बसा" कुणाला आणि "चालते व्हा" कुणाला हे कळायला वेळ लागला. ती म्हणाली, "राड्याची कृती गुप्त आहे, काका. बाहेर देता येत नाही."

"मग दाखला?"

"दाखल्याशिवाय राड्याजवळ जाता येत नाही."

मी परत डॉक्टरांकडे, परत कचेरीत. शेवटी डॉक्टरांनी वैतागून लिहून दिलं, "या गृहस्थांना बरंच काही चालतं." तेवढ्यावर काम झालं. माझ्याबद्दल इतका मोठा वैद्यकीय निष्कर्ष अजून कुणी काढलेला नाही.

पण चिमणीचं समाधान होईना. "सराव हवा, बाबा." म्हणून माडीवरच्या न्हाणीघरात मोठ्या टबात कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचं पांढरं पीठ, आणि पाणी कालवून आम्ही घरगुती राडा केला. हे पीठ मोठं अजब असतं. हळू हात घाला, पाणी. जोरात मारा, दगड. मी जोरात बसलो. पुढचं सांगत नाही. ताई हसता हसता टबाच्या काठाला टेकली, टब कलंडला, आणि सगळा माल मोरीच्या तोंडाशी जाऊन थांबला. मोरी तुंबली. थोड्या वेळाने खालून वकीलकाकांचा आवाज आला, "माझ्या छतातून काहीतरी पांढरं उतरतंय. मी ते पुरावा म्हणून तसंच ठेवतोय!"

त्यांचं छत आम्ही रंगवून दिलं. रंगवताना शिडी त्यांच्या आरशावर पडली, तर आरसाही. आरसा बघायला त्यांच्या सासूबाई आल्या, त्यांना जुनाच बरा वाटला. असो. माणसाने एका डोंगरासाठी किती छतं रंगवावीत, याचं निरूपण कुठल्याच बुवांच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

आता खरी गोष्ट सांगायची वेळ आली. सदरे.

कार्यक्रमवाल्यांनी सांगितलं होतं, पांढरे सदरे घरूनच आणा. ताई म्हणाली, "जुने, मऊ, धुऊन धुऊन विरलेले घेऊ. मऊ कापड पितं."

मी म्हणालो, "टीव्हीवर? सगळं गाव बघणार. लाँड्रीवाल्याचा सदरा मऊ? उद्या कोण कपडे टाकेल आपल्याकडे?"

"अरे, राड्यात उतरायचंय. वरातीत नाही."

"उतरेपर्यंत तर दिसतील ना!"

आणि मी तिन्ही सदऱ्यांना स्टार्च केला. साधासुधा नाही. कडक. इतका की सदरे भिंतीला टेकून उभे राहिले. चिमणीने एकाला "नमस्कार" म्हटलं. ताईने त्यांच्यावर इस्त्री फिरवली, आणि घडी घालताना कॉलर कडकन वाजली तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही त्या प्रचंड खोलीत उभे राहिलो तेव्हा, अभिमानाने सांगतो, आमच्यासारखे सदरे तिथे कुणाचे नव्हते. समोरचं कुटुंब दंतवैद्याचं: तो, त्याची बायको आणि मुलगा. त्यांचे सदरे चुरगळलेले, मऊ, जणू झोपेतून उठवून आणलेले. मला त्यांची दया आली. कचेरीतली यंत्रवालीसुद्धा म्हणाली, "काका, एकदम झकास!" हे माझ्याशी होतं, यंत्राशी नाही, मी खात्री करून घेतली.

चिमणीने प्रश्नांची उत्तरं धडाधड दिली. दोनदा चुकली, दोन्ही वेळा बादली माझ्यावरच; सदरा वाचला, कारण त्या फेरीत वरून प्लास्टिकचा झगा देतात. ताई म्हणाली, "पोरीने बरोबर माणूस निवडला." मग झगा उतरवून, डोकं पुसून शेवटची फेरी. आम्ही टाकीत उतरलो. वरून हिरवा राडा कोसळायला लागला.

आणि आमच्या अंगावरून घसरून गेला.

पावसाळ्यात पत्र्यावरून पाणी जातं ना, तसा. दंतवैद्याच्या घरचे एव्हाना हिरव्या अस्वलांसारखे दिसत होते. आम्ही तिघं स्वच्छ, ताठ, कॉलरसकट. प्रेक्षकातली मुलं ओरडत होती, "चिकटवा! चिकटवा!" निवेदक म्हणाला, "या कुटुंबाला राडासुद्धा घाबरतो!" मी ताईकडे बघायची हिंमत केली नाही. तिचा डोंगर माझ्या पाठीवरून ओघळून टाकीत चालला होता आणि मी इस्त्रीची धार सांभाळत उभा होतो.

पण ताई ती ताई. तिने एकदा सदरा चाचपला. म्हणाली, "बसा! खाली बसा दोघं! भिजला की स्टार्च सुटतो, सुटला की चिकट होतो. बस ना रे बावळटा!" दुखऱ्या गुडघ्याने ती स्वतः आधी बसली, गळ्यापर्यंत. आम्ही बसलो. आणि खरंच, थोड्याच वेळात स्टार्च विरघळला, त्याची खळ झाली, आणि त्या खळीने राडा असा धरला की सोडेना. मऊ सदऱ्यांनी राडा प्यायला असेल; आमच्यांनी तो चिकटवून घेतला, थरावर थर. घंटा झाली तेव्हा मला उभं करायला चिमणीला ओढावं लागलं. दंतवैद्याने आमच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. निवेदक ओरडला, "अरे, हे तर चालते पुतळे!"

आम्ही जिंकलो होतो. तराजू लागायचा होता, पण लहान पोरालाही दिसत होतं. ताई लंगडत चालली होती आणि हिरव्या तोंडाने हसत होती. मला म्हणाली, "तुझ्या स्टार्चने तारलं रे." इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक.

मी माझा सदरा काढला, अल्लाद, तान्हं बाळ धरावं तसा, आणि टोपलीत ठेवला. चिमणीने तिचा ठेवला. टोपली खाली जाऊ लागली. राहिला ताईचा. सगळ्यांत जड. ती टाकीत सगळ्यांत आधी बसली होती ना.

ताईने सदरा अंगातून काढला. ओलं, जड कापड तिच्या दोन हातांत आलं.

आणि तिने ते पिळलं.

नीट ऐका. वेंधळेपणा नव्हे. दोन्ही टोकं धरून, मनगटाला पीळ देऊन, एकदा, परत एकदा, शेवटचा थेंब निघेपर्यंत, लाँड्रीत पिळतात तसं. हिरव्या राड्याचा लोट तिच्या पायांवर पडला. मग तिने सदरा फटकन झटकला, निवेदकाच्या चांदीच्या कोटावर नक्षी उठली. मग दोन बाह्या जुळवून तो हातावर टाकला आणि वाळत घालायला दोरी कुठे आहे ते शोधायला मान वर केली.

तिथे तिला प्रेक्षक दिसले.

काय हसली मुलं! खुर्च्यांवरून पडली. यंत्रवाली खाली बसली. निवेदकाला बोलता येईना. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. आधी हसू आलं, मग तराजू आठवला. ताई हातातल्या सदऱ्याकडे बघत उभी होती. तिने तो टोपलीत ठेवला. आमची टोपली वर गेली, दंतवैद्याची खाली. फरक फार नव्हता. एका बाहीचा असेल.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "हातांना कुणी सांगितलंच नाही रे."

चिमणी रडत होती. ताईनेच तिला थोपटलं.

पुढे काही दिवस मला रस्त्याने जाता येईना. "पिळा, पिळा!" म्हणून पोरं ओरडायची. वकीलकाकांनी जिन्यात गाठून "वजनकाट्यावर हरकत घेता आली असती" असं सांगितलं. लाँड्रीत मात्र गर्दी वाढली; टीव्हीवर पिळणाऱ्या बाई बघायला लोक एकेक रुमाल घेऊन यायचे. ताई प्रत्येकाचा रुमाल घ्यायची, हसून.

मग एके दिवशी खुद्द दंतवैद्य आला, तेच सदरे घेऊन. डाग निघत नव्हते. काउंटरवर गठ्ठा ठेवून हळूच म्हणाला, "खरं सांगू का? मला चक्कर येते. उंचावर तर नकोच, सायकलवर त्याहून नको. ती सहल ताईंनाच घेऊ द्या ना. मी हौसेने देतो."

माझे हात तिथल्या तिथे जोडले गेले. म्हटलं, देव आहे. जरा फिरून येतो, पण येतो. आम्ही दोघं त्या कचेरीत गेलो. यंत्रवालीने ऐकून घेतलं, तिचे डोळेही भरून आले. आत गेली, बाहेर आली. "साहेब म्हणतात, जिंकलेल्या कुटुंबाचंच चित्रीकरण होणार. बक्षीस दुसऱ्याला देता येत नाही. ते गेले नाहीत तर रद्द."

"मग रद्द होऊ दे, पण—"

"रद्द झालं तर कुणालाच नाही, काका."

दंतवैद्याचा मुलगा तोवर शाळेत सगळ्यांना सांगून बसला होता. बिचारा बाप गेला. आपल्या खर्चाने ताईला न्यावं म्हणून मी चौकशी केली नाही असं समजू नका. पण ऑपरेशनचा खर्च पुढे उभा होता, आणि डोंगरातला रस्ता बर्फाने बंद व्हायचे दिवस जवळ आले होते. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, आणि बर्फाकडे शब्द टाकणारा माझ्या ओळखीचा कुणी नव्हता.

ती सहल टीव्हीवर दाखवली त्या रविवारी आम्ही सगळे दुकानात बसलो होतो. काय तो डोंगर! खाली ढग, बाजूला काळेभोर कडे, आणि मधून रस्ता असा सोडलेला की बघणाऱ्याच्या पोटात गुदगुल्या व्हाव्यात. मुलगा ओरडत खाली सुटला. त्याची आई सुटली. आणि मागे दंतवैद्य, दोन्ही ब्रेक आवळून, सायकल हाताने धरून, पायी उतरत होता.

"अहो सोडा की ब्रेक!" ताई उभी राहिली. "सोडा! नुसतं बसा! काही होत नाही, अहो, रस्ता नेतो! बसा!"

दंतवैद्य थांबला, कॅमेऱ्याकडे बघून केविलवाणा हसला आणि परत चालायला लागला. पूर्ण घाट तो चालत उतरला. ताई पूर्ण घाट उभी होती. कार्यक्रम संपला तेव्हा तिने टेबलाचा आधार घेतला आणि म्हणाली, "त्यांच्या सदऱ्यांचे डाग निघाले का रे? मी घेते इस्त्रीला."

ऑपरेशन चांगलं झालं. ताई चालते, फिरते, जिने चढते. गुडघा डॉक्टरांनी सांगितला तेवढाच वाकतो. कपडे पोचवायला आता मी जातो. कोट चिखलात पाडतो, पत्ते चुकतो, आणि संध्याकाळी पाय सुजवून घरी येतो. ताई गरम पाण्याची बादली पुढे सरकवते आणि म्हणते, "कळलं?"

कळलं.

देवाला मी काही विचारलेलं नाही. त्याच्याकडे मागण्यांची रांग मोठी असणार, आमची किरकोळ म्हणून मागे राहिली असेल. पण तुम्ही फिरणारी माणसं आहात. कधीतरी डोंगराकडे जाल, सायकलवर बसाल, चढ संपेल. तेव्हा पाय थांबवा. ब्रेकवरचे हात सैल सोडा. कानाशी वारा वाजायला लागला की आमच्या ताईची आठवण काढा, आणि जमलंच तर परतताना दुकानावरून जा. तिला सांगा, कसं वाटलं. मला नको, तिलाच सांगा. ती आत इस्त्रीच्या टेबलाशी असते.